विजेला घाबरणाऱ्या कुत्र्याला कसं सांभाळायचं

ज्या कुत्र्याला ढगांच्या गडगडाटाची भीती आहे, त्याच्यासाठी काम करायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये आभाळ भरून आल्यावर इलाज शोधायला बसलात तर त्या दिवशी फक्त वेळ निभावून नेता येते. हे पहिल्यांदाच सांगतो, कारण माझ्याकडं विचारायला येणारे बहुतेक लोक वळीव सुरू झाल्यावरच येतात.

मी महावितरणमध्ये लाइनमन होतो. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, कोरेगाव आणि खटाव तालुक्यांत गेली. वळवाच्या दिवसांत आम्हाला घर नसतं. फीडर ट्रिप झाला, म्हणजे गावांना वीज नेणारी मुख्य लाइन आपोआप बंद पडली, डीओ म्हणजे पोलवरचा फ्यूज उडाला, तारेवर फांदी पडली, की निघायचं. तेव्हा घरी मंडळी, म्हणजे माझी बायको, आणि खंड्या असायचे. खंड्या गावठी, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. रानडुकराच्या अंगावर जाणारं कुत्रं, पण आभाळ काळं झालं की धान्याच्या पोत्यांमागं शिरून अंगभर थरथरायचं. त्याच्यासाठी आम्ही घरी जे केलं आणि पशुवैद्यांकडून जे शिकलो ते इथं लिहितो.

आधी आभाळाचं वेळापत्रक समजून घ्या. आपल्याकडं वीज बारा महिने कडाडत नाही. मार्चअखेरीपासून मृगापर्यंत वळीव. जमीन तापलेली असते, समुद्राकडून ओल आलेली असते, दुपारी तीननंतर ढग बघता बघता उंच चढतो आणि संध्याकाळपर्यंत कोसळतो. पुढं जुलै-ऑगस्टमध्ये घाटाकडं दिवसरात्र पाऊस लागतो, पण त्यात गडगडाट क्वचित. मग सप्टेंबरअखेर हस्त नक्षत्र लागतं, परतीचा पाऊस येतो, आणि पुन्हा विजा सुरू होतात. त्याच्या पाठोपाठ दिवाळीचे फटाके. म्हणजे त्रासाचे हंगाम दोन आणि मधे मोकळा वेळ. हा मोकळा वेळ हेच आपलं भांडवल.

दुसरी गोष्ट, कुत्रं फक्त आवाजाला घाबरत नाही. त्याच्या हिशेबात गडगडाट सगळ्यात शेवटी येतो. आधी वारा पडतो, मग उलटा सुटतो, उजेड जातो, मातीचा वास येतो, दारं आपटतात, लांब कुठं तरी आपल्याला ऐकूही न येणारं गुरगुरतं. यातली एकेक खूण त्याला पुढचं सांगून जाते. म्हणून आपल्याला आकाश निरभ्र वाटत असताना खंड्या पायात घुटमळायला लागायचा.

या सुरुवातीच्या खुणा ओळखायला शिका, कारण उपाय तिथंच लागू पडतो. झोप आलेली नसताना जांभया देणं, सारखी जीभ नाकावर फिरवणं, कान मागं पाडणं, हवा गार असूनही धापा टाकणं, एका जागी न बसता घरभर फिरणं, पायाला चिकटून चालणं. पुढं लाळ, थरथर, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, आणि मग दार उकरणं, खिडकीवर झेपावणं, घरात मुतणं. शेवटच्या पायरीवर पोचलेल्या कुत्र्याला काही शिकवता येत नाही, त्याला फक्त सुरक्षित ठेवायचं. कुठल्या पायरीवर आहे ते कळायचं सोपं मोजमाप म्हणजे खाणं. उकडलेल्या चिकनचा तुकडा नेहमीसारखा हळू घेतोय, तर बरं चाललंय. बोटाला दात लागेल असा हिसकून घेतोय, तर ताण चढलाय. तोंडाजवळ धरला तरी बघत नाही, तर शिकवणी बंद करा आणि जवळ बसा.

जागा आधी, आवाज नंतर

घरात एक खोली नक्की करा. आमच्या घरात ती मधली खोली. खिडकी नाही, वर पत्रा नाही, दोन भिंतींना ज्वारीची पोती रचलेली. पोत्यांनी आवाज किती दबतो ते आत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सोप्यावर पत्रा आहे, तिथं साधा पाऊसही ताशासारखा वाजतो. तुमच्याकडं पोती नसतील तर गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं कपाट, काहीही चालेल. फ्लॅटमध्ये पॅसेज किंवा बाथरूम बरं पडतं. पुण्यात आमच्या लेकीकडं लॅब्रॅडोर आहे, ती स्वतःच बाथरूममध्ये जाऊन कमोडमागं पडते, तर लेकीनं तिथंच तिचं अंथरूण टाकलं. कुत्र्यानं स्वतः जागा निवडली असेल तर तुमची लादू नका, तीच नीट करून द्या. आणि तिथं जायचं दार कायम उघडं पाहिजे. आपण घरी नसताना पाऊस आला आणि दार बंद असलं, तर कुत्रं दार फोडायला बघतं, नखं उखडतात, दात तुटतात.

त्या जागी एक वाकळ टाका, जुन्या लुगड्यांची, घरातल्या माणसांचा वास असलेली. निरभ्र दिवसांत रोज तिथं त्याला बसवा आणि चांगलंचुंगलं तिथंच द्या. स्टीलच्या ताटलीवर घट्ट दही पसरायचं, वर उकडलेल्या रताळ्याचे किंवा अंड्याचे बारीक तुकडे दाबायचे, ताटली फ्रीजरमध्ये ठेवायची. गोठलेलं दही चाटायला बराच वेळ लागतो, आणि चाटण्यानं कुत्रं शांत होतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट मात्र चुकूनही नको, ही कुत्र्यांना विषासारखी आहेत. असे दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कुत्रं न बोलावता वाकळीवर जाऊन ताटलीची वाट बघायला लागलं, की जागा तयार झाली.

आता आवाज. मोबाइलवर गडगडाटाची रेकॉर्डिंग सहज मिळतात. नुसत्या मोबाइलचा स्पीकर चालत नाही, त्यातून खर्जाचा आवाज निघतच नाही आणि खऱ्या गडगडाटात खर्जच मुख्य. ब्लूटूथचा बऱ्यापैकी मोठा स्पीकर घ्या. आवाज इतका बारीक ठेवा की कुत्र्याचा फक्त कान हलावा आणि पुन्हा ते आपल्या कामाला लागावं. उठून बसलं, तुमच्याकडं बघायला लागलं, तर आवाज जास्त झाला.

क्रम इथं सगळ्यात महत्त्वाचा. आधी गडगडाट, लगेच मागोमाग तुकडा. आवाज थांबला की तुकडे थांबले. कुत्र्याच्या डोक्यात "गडगडलं म्हणजे आता चिकन" एवढं बसवायचंय. उलट केलंत, आधी तुकडा आणि मग आवाज, तर काही दिवसांत तुकडा दिसला की कुत्रं पळून जाईल, कारण तुकडा हीच धोक्याची खूण होऊन बसेल. एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. रोज जमलं नाही तर एक दिवसाआड करा, पण लांबवू नका. कुत्रं आवाज ऐकून आपण होऊन तुमच्या हाताकडं बघायला लागलं की आवाज अगदी थोडा वाढवा. कधी मधेच कमीही करा, सतत चढता ठेवू नका. स्पीकरची जागा बदला, आज खिडकीजवळ, उद्या माळ्यावर. घाबरलं तर त्या दिवसापुरतं बंद, आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या खाली उतरून सुरू.

आवाज पचला की बाकीच्या खुणा एकेक करून जोडा. संध्याकाळी दिवे मालवून बॅटरीचा झोत भिंतीवर झटकन मारायचा, मग तुकडा. टेबल फॅन जोरात लावून पडदे उडवायचे, मग तुकडा. आमच्या घरी मी पाइपनं सोप्याच्या पत्र्यावर पाणी सोडायचो आणि आत मंडळी खंड्याला तुकडे द्यायच्या. या सगळ्या गोष्टी वेगवेगळ्या पचल्याशिवाय एकत्र करू नका. आणि जुलै-ऑगस्टचा बिनगडगडाटाचा पाऊस वाया घालवू नका. पाऊस लागला की दह्याची ताटली, हे तेव्हा फुकटात शिकवून होतं.

खरं सांगायचं तर रेकॉर्डिंगनं सगळी कुत्री सुधारत नाहीत. खऱ्या वादळात हवेचा दाब बदलतो, जमीन हादरते, ते स्पीकरमधून येत नाही. खंड्यामध्येही फरक पडला तो थरथर थांबण्यापुरता, भीती पार गेली नाही. पण पोत्यांमागं शिरणारं कुत्रं वाकळीवर पडून ताटली चाटतंय, हा फरक मला मोठा वाटतो. त्यासाठी हिवाळाभर घाम गाळायची माझी तयारी होती आणि तुमचीही असावी.

पिल्लू घरात असेल तर गोष्ट आणखी सोपी. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात ते जे ऐकतं, बघतं ते त्याच्या अंगवळणी पडतं. या दिवसांत भांड्यांचा, मिक्सरचा, ट्रॅक्टरचा, बारीक आवाजातल्या गडगडाटाचा परिचय खेळता खेळता करून द्या.

वादळाच्या दिवशी

एप्रिल-मेमध्ये फिरायला नेणं सकाळी उरका आणि दुसरी फेरी दुपारी ढग चढायच्या आत. रिकाम्या पोटी आणि भरल्या मूत्राशयानं कुत्रं वादळात सापडू नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं मोबाइल ॲप आहे, ते आपल्या भोवतीच्या 20 ते 40 किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं. मूळ माणसांच्या सुरक्षेसाठी केलेलं, पण कुत्रं पाळणाऱ्यांनाही फार उपयोगाचं. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर लांब वीज चमकली तरी त्यात "खर्र" असा आवाज येतो. लाइनवर असताना आम्ही त्या खरखरीवरून अंदाज घ्यायचो. वीज दिसल्यावर आकडे मोजा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणजे बारा सेकंदांनी गडगडलं तर वीज चार किलोमीटरवर. ढग जवळ येतोय की लांब जातोय ते यावरून कळतं.

इशारा मिळाला की कुत्र्याला साखळीवरून सोडून आत घ्या. यात तडजोड नको. अंगणात, झाडाखाली, लोखंडी खांबाला किंवा फाटकाला साखळीनं बांधलेलं कुत्रं विजेच्या दिवसांत जिवाच्या धोक्यात असतं, आणि घाबरून गळ्याला फासही लावून घेतं. दारं, गॅलरी, फाटक बंद करा. भ्यालेलं कुत्रं एरवी न चढणारं कुंपण चढतं आणि वाट फुटेल तिकडं पळतं. म्हणून या दिवसांत पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहिलेला असावाच.

खिडकीला जाड चादर किंवा चवाळं लावा आणि खोलीतला दिवा चालू ठेवा. खोली उजळ असेल तर चमकेचा लखलखाट कमी जाणवतो. पंखा किंवा कूलर मोठ्यावर लावा, त्या सततच्या घुं आवाजात लांबचे गडगडाट बुडून जातात. इथं एका लाइनमनचा सल्ला ऐका. ज्या क्षणी तुम्हाला पंख्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच क्षणी लाइट जाणार. फीडर ट्रिप होतो तो संरक्षणासाठीच. तेव्हा इन्व्हर्टर नसेल तर चार्जिंगचा दिवा आणि चार्ज केलेला स्पीकर आधीच त्या खोलीत ठेवा आणि पंख्यासोबत स्पीकरही सुरू करा, म्हणजे पंखा बंद पडला तरी एकदम सन्नाटा होत नाही. रेडिओ लावणार असाल तर एफएम लावा. मीडियम वेव्हची खरखर आपल्याला उपयोगी, पण कुत्रं ती पटकन ओळखायला शिकतं. गाणी संथ लयीची बरी. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था यांनी निवारागृहातल्या कुत्र्यांना वेगवेगळं संगीत ऐकवून पाहिलं होतं, त्यात संगीत लागल्यावर कुत्री जास्त वेळ पडून राहिली, पण तेच ते ऐकवलं की परिणाम ओसरला. आमच्याकडं मंडळींचे अभंग चालतात. आलटून पालटून लावतो.

मग जवळ बसा. गावात मला कितीदा ऐकवलंय की जवळ घेतलंस म्हणून कुत्रं भित्रं झालं, लाडावलं. हे साफ चूक आहे आणि या समजापायी कितीतरी कुत्री अंधारात एकटी थरथरतात, म्हणून ठासून सांगतो. भीती ही कुत्र्यानं बक्षिसासाठी केलेली युक्ती नाही. तुम्ही पाठीवरून हात फिरवल्यानं ती वाढत नाही. ते चिकटून बसलं तर बसू द्या. मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश, लांब हात फिरवा, हळू बोला. पलंगाखाली गेलं असेल तर ओढून काढू नका, शेजारी जमिनीवर बसा. "सवय होईल" म्हणून बाहेर नेऊन उभं करणं, ओरडणं, मारणं यानं भीती दुप्पट होते आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो.

खात असेल तर दर गडगडाटामागं एक तुकडा, हिवाळ्यात शिकवलं तसंच. खात नसेल तर नुसती सोबत.

अंगाला घट्ट बसणारी जाकिटं बाजारात मिळतात, किंवा जुनी ओढणी छातीवरून पाठीवर गुंडाळता येते. काही कुत्र्यांना त्यानं धीर येतो, काहींना अजिबात नाही. बांधलीत तर दोन बोटं आत जातील इतकी सैल ठेवा, आणि सवय आधी निवांत दिवशी करा. वळवाआधीच्या उकाड्यात धापा टाकणाऱ्या कुत्र्याला जास्त वेळ गुंडाळून ठेवू नका, अंग तापतं.

दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. वळवाची वेळ आणि ऑफिसची वेळ एकच. लेकीनं खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं किल्ली ठेवली आहे, आभाळ आलं की त्या जाऊन बसतात. असं माणूस आधीच जोडून ठेवा, कुत्र्याची आणि त्यांची ओळख हिवाळ्यातच करून द्या. सोसायटीत भटकी कुत्री असतील तर त्या तासाभरापुरती पार्किंगमध्ये बसू द्या, हाकलू नका. भीती त्यांनाही तेवढीच वाटते.

औषधं

दार फोडणारं, स्वतःला जखमा करून घेणारं, तासन् तास न सावरणारं कुत्रं असेल तर औषध द्यायला कचरू नका. औषध म्हणजे आपली हार नव्हे, घाबरलेल्या जिवाला मिळालेली सुटका आहे. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशी येतात, म्हणून लहान जनावरं रोज बघणारा पशुवैद्य शोधा. आमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला आहे.

आधी पूर्ण तपासणी करून घ्या. वयात आलेलं, कधी न घाबरणारं कुत्रं उतारवयात अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर अंगात कुठं तरी दुखणं असू शकतं. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखरा सांधा कळवळतो, आणि कुत्रं त्या कळेचा संबंध आवाजाशी जोडतं. दुखणं बरं केल्याशिवाय भीती हटत नाही.

गोळ्या दोन तऱ्हेच्या. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यांसारख्या वादळापुरत्या द्यायच्या, आणि फ्लुओक्सेटिनसारख्या हंगामभर रोज द्यायच्या, ज्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. वादळापुरती गोळी पहिली खूण दिसताच, जमलं तर त्याही आधी द्यावी लागते. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी उशिराच पोचते. पहिला डोस पशुवैद्याला विचारून एखाद्या निरभ्र सुट्टीच्या दिवशी देऊन बघा, कारण एखाद्या कुत्र्याला उलट जास्त अस्वस्थता येते. मात्रा वजनावर आणि यकृत-मूत्रपिंडाच्या अवस्थेवर ठरते, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी वापरू नका आणि माणसाची झोपेची किंवा दुखण्याची गोळी तर मुळीच नको. एक औषध नाव घेऊन सांगतो, ॲसिप्रोमेझिन. त्यानं शरीर ढिलं पडतं, कुत्रं शांत दिसतं, पण आतली भीती तशीच राहते. कुणी फक्त तेच लिहून दिलं तर दुसरा पर्याय विचारा.

पाऊस ओसरल्यावर

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच बाहेर पडा. पाणी पाजा, ओढणी सोडा, आणि पट्टा-दोरी लावूनच न्या. कान अजून मागं असतील तर लांब नेऊ नका, दारातच मोकळं करून आणा.

आणि चालताना विजेचे पोल, पोलला आधार देणाऱ्या ताणाच्या तारा, डीपी (ट्रान्सफॉर्मर) यांच्यापासून दूर राहा. आपल्या पायात चप्पल असते, कुत्र्याचे चारही पाय ओल्या जमिनीवर उघडे असतात. ज्या ओलीत आपल्याला काही जाणवत नाही तिथं कुत्र्याला झटका बसू शकतो. नोकरीत अशी मेलेली जनावरं मी पाहिली आहेत. कुत्रं एखाद्या पोलजवळ अडलं, पाय उचलून कळवळलं, तर हातानं पकडायला जवळ जाऊ नका. लाइट बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबा. तार तुटून पडलेली दिसली तर ती मेलेली समजू नका, लोकांना लांब ठेवा आणि 1912 या नंबरवर फोन करून पोलवरचा क्रमांक किंवा जवळची खूण सांगा.